आमच्या चाळीचं आवाजी मतदान

आत्याच्या मजल्यावरच्या संडासांची दारं निवडणुकीच्या आधी काढून नेली, ती परत आलीच नाहीत. दारं नेली, आतली भांडी फोडली, लाद्या उखडल्या आणि जिन्याच्या तोंडाशी आमदारसाहेबांचा हसरा फोटो असलेला फलक लावला: ‘शौचालय दुरुस्ती कामाचा शुभारंभ’. नारळ फुटला तेव्हा मी तिथेच होते, खोबऱ्याचा तुकडाही खाल्ला. मग आचारसंहिता आली, मतदान झालं, साहेब निवडून आले आणि दुसऱ्या मजल्यावरचे चार संडास उघडेबोडके पडून राहिले. कबुतरांनी तिथे बिऱ्हाड केलं. गॅलरीतून जाताना पदर नाकाला लावावा लागे. लालबागच्या या चाळीत मी लहानाची मोठी झाले, घाण मला नवी नाही. पण ही घाण कुणीतरी ठरवून तशी ठेवली आहे, हे कळायला मला बरेच महिने लागले.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. आई लवकर गेल्यावर तिनेच मला वाढवलं. आता ऐंशी उलटून गेलीय, दोन्ही गुडघे कामातून गेलेत. वरचे संडास फुटल्यापासून तिला दोन जिने उतरून तळमजल्यावर रांगेत उभं राहावं लागे, आणि परत दोन जिने चढावे लागत. त्यावर तिने तिच्या परीने उपाय काढला. पाणी पिणंच कमी केलं. सकाळी अर्धा कप चहा, जेवताना दोन घोट, बस. व्हायचं तेच झालं, लघवीची जळजळ सुरू झाली, ताप येऊ लागला. डॉक्टर म्हणाले, भरपूर पाणी प्या आजी. ती त्यांच्याकडे असं बघत बसली, जसं काही त्यांनी तिला पोहायला सांगितलं होतं.

मी दादरला राहते. लिफ्ट आहे, घरात दोन बाथरूम आहेत. “माझ्याकडे चल” म्हणून मी तिच्या विनवण्या केल्या.

“आणि खोली?” ती म्हणाली. “सर्वेवाले येतले, कुलूप बघतले आणि बंद म्हणान लिवन जातले. मगे तू देतलं माका खोली?”

चाळ पुनर्विकासात जाणार अशी बोलणी चालू होती, त्यामुळे तिचं म्हणणं चूक नव्हतं. त्या दहा बाय बारासाठी तिचा नवरा गिरणीत राबला होता. ती हलणार नाही हे मी समजून चुकले. म्हणजे प्रश्न एकच उरला, संडास कधी होणार.

आता माझ्या उद्योगाबद्दल सांगायला हवं. मी माटुंग्याच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत असे. निवृत्त झाल्यावर माझ्या मैत्रिणी भजनाला लागल्या, युरोप करून आल्या. मी निवडणुकीचे निकाल उतरवून घेत बसले. मला एक साधी गोष्ट बघायची होती. जो आमदार काठावर निवडून येतो तो सभागृहात मत देताना आपल्या लोकांना भितो का? आणि जो ढिगाने मतं घेऊन येतो तो निर्ढावतो का? एका बाजूला मतदान केंद्रानुसार पडलेली मतं मांडायची, दुसऱ्या बाजूला त्या माणसाने विधेयकांवर दिलेली मतं मांडायची आणि दोन्हींचा काही संबंध लागतो का ते पाहायचं.

पहिली बाजू मिळाली. केंद्रानुसार निकाल कुणालाही बघायला मिळतात. पानं तिरकी स्कॅन केलेली, तीन आहे की आठ ते भिंग घेऊन ठरवायचं, पण मिळतात. स्वयंपाकघरातल्या टेबलावर डाळ शिजेपर्यंत मी एक पान उतरवत असे. प्रत्येक केंद्रात कुठल्या इमारती येतात तेही कळतं, त्यावरून मी केंद्रांचे चौकोन काढून एक कच्चा नकाशाही केला. आमच्या चाळीच्या तिन्ही इमारती मिळून एक केंद्र होतं. तिथे साहेबांपेक्षा समोरच्या उमेदवाराला जास्त मतं पडली होती हे मी पाहिलं, त्या चौकोनाला लाल रंग दिला आणि पुढच्या पानाकडे वळले.

दुसरी बाजू कुठे मिळते हे विचारायला मी गिरगावातल्या माझ्या एका जुन्या मित्राला भेटले. त्याची उभी हयात वर्तमानपत्रात गेली, अधिवेशनाच्या काळात तो पत्रकार कक्षात बसलेला असे. त्याच्या घराखालच्या हॉटेलात आम्ही बसलो. आमच्या आमदाराने चाळींच्या पुनर्विकासाच्या नव्या विधेयकावर काय मत दिलं ते मला हवंय, असं मी म्हटलं. तो इतका हसला की शेजारच्या टेबलावरच्यांनी वळून पाहिलं.

“अगं, तिथे मत मोजतात कुठे? अध्यक्ष विचारतात, बाजूने असतील त्यांनी होय म्हणावं, विरुद्ध असतील त्यांनी नाही म्हणावं. दोन्हीकडून गलका होतो. होयचे बहुमत, होयचे बहुमत, विधेयक मंजूर. चला पुढचा विषय.”

“पण होय कोण म्हणालं त्याची नोंद?”

“होय कुठल्या घशातून आलं ते कोण लिहिणार? कुणी मतविभागणीच मागितली तर डोकी मोजतात. ती मागतात सरकार पडायला आलं की. एरवी कोण मागतंय! आणि मागून तरी काय, पक्षाचा आदेश असतो. मोडला तर आमदारकी जाते.”

माझा विश्वास बसला नाही. घरी येऊन मी त्या दिवसाच्या कामकाजाचं चित्रण शोधलं आणि कानाला हेडफोन लावून बसले. कॅमेरा अध्यक्षांच्या खुर्चीवर. विधेयकाचं लांबलचक नाव वाचलं गेलं, मग ‘होय’ असा एक घोळका आवाज, त्यात कुणाची तरी ढास, मग ‘नाही’ असा दुसरा, आणि झालं. आत्याची खोली ज्या कायद्यावर उभी राहणार किंवा पडणार, तो कायदा माझा कुकर पहिली शिट्टी देईपर्यंत पास झाला होता. मी ते चित्रण मागे घेऊन घेऊन ऐकलं. आमच्या आमदाराचा आवाज मी झोपेतही ओळखेन, इतकी वर्षं लाउडस्पीकरवरून ऐकलाय. पण तो त्या गलक्यात होता की कॅन्टीनमध्ये भजी खात होता, हे काही केल्या समजेना. माझ्या तक्त्याची डावी बाजू आकड्यांनी गच्च भरली होती आणि उजवीकडचा अख्खा रकाना रिकामा. मला राग यायला हवा होता. आली ती शिसारी, कोमट दुधावरची साय ओठाला चिकटल्यावर येते तशी.

तेवढ्यात आत्याला पुन्हा ताप भरला, म्हणून अभ्यास बाजूला ठेवून मी चाळीच्या सेक्रेटरींना गाठलं. हे पहिल्या मजल्यावर राहतात, बसखात्यातून निवृत्त झालेत, आणि चाळीतल्या प्रत्येक बारशापासून बाराव्यापर्यंत पुढे असतात. ते आधी इकडचं तिकडचं बोलले. मग कळलं ते असं. निवडणुकीच्या आधी तिन्ही मोठे उमेदवार चाळीत येऊन गेले होते. सेक्रेटरींनी तिघांनाही ओवाळलं, तिघांनाही शाल-नारळ दिला आणि तिघांनाही हात जोडून सांगितलं, “अख्खी चाळ तुमची.” एकाकडून पाण्याची टाकी आली, एकाकडून खुर्च्या, एकाकडून गणपतीच्या मंडपाचं कापड. टाकी साहेबांची.

“दारात इलेल्या माणसाक नाय कसा म्हणतलंय?” सेक्रेटरी मलाच विचारू लागले. “आपल्यात तशी पद्धत नाय.”

त्यांना वाटलं होतं, पेटीत काय पडलं ते कुणाला कळतंय.

मी साहेबांच्या परळच्या कार्यालयात गेले. काचेचं दार, आत थंडगार एसी. कार्यालय सांभाळणारा चाळिशीचा, स्वच्छ शर्टातला, फार अदबीने बोलणारा माणूस होता. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला. मी आत्याची सगळी परिस्थिती सांगितली. ताप सांगितला, पाणी न पिणं सांगितलं, आणि परक्या पुरुषासमोर आत्याच्या लघवीचा विषय काढावा लागला म्हणून मनातून शरमलेही.

“मॅडम, काम बंद नाहीये,” तो म्हणाला. “फक्त प्रायॉरिटी खाली गेलीय.”

“का?”

त्याने टेबलावरचा टॅब माझ्याकडे वळवला. मतदारसंघाचा नकाशा होता, केंद्राकेंद्राचा, रंगवलेला. मी गार झाले. हा तर माझाच नकाशा! म्हणजे माझा नव्हे, माझ्यापेक्षा कितीतरी चांगला. मी चौकोन काढले होते, इथे एकेक इमारत काढलेली होती. आमच्या चाळीच्या तिन्ही इमारती लालभडक.

“हे बघा. तुमच्या सेक्रेटरीने शब्द दिला होता, अख्खी चाळ आपली. साहेबांनी टाकी दिली, संडासाचा नारळ फोडला. आणि निकालात काय? समोरच्याला जास्त. मग निधी आधी कुठे जाणार? जे आपले त्यांच्याकडे. सिंपल आहे.”

“मतदान गुप्त असतं,” मी म्हटलं.

“एका माणसाचं गुप्त असतं मॅडम. चाळीचं नाही.”

हे तो कुत्सितपणे म्हणाला असता तर मला सोपं गेलं असतं. पण तो समजावून सांगत होता, मी वर्गात सरासरी समजावून सांगायचे तसं.

“मग साहेबांनी चाळींच्या विधेयकाला काय मत दिलं ते सांगता का?” मी विचारलं.

तो जरा गोंधळला. “कुठलं? ते हो... ते पक्ष सांगतो तसं असतं. ते आपल्याला पण माहीत नसतं.”

परतीच्या वाटेवर मी मनाशी मांडून पाहिलं. ज्याला आम्ही निवडून दिलं त्याने आमच्या नावाने काय केलं ते कुठेही लिहिलेलं नाही, आणि एका म्हाताऱ्या बाईच्या चाळीने कुणाला मत दिलं ते मात्र एका शर्टवाल्याच्या टॅबवर रंगवून तयार. तेच आकडे, तीच पानं. मी ती माणसांच्या भल्याचं काहीतरी सापडेल म्हणून उतरवत होते, आणि त्यांनी ती संडास अडवायला उतरवली होती. घरी येऊन मी साबणाने हात धुतले. मूर्खपणा होता, पण धुतले.

निघताना त्याने एक तोडगाही सुचवला होता. श्रावणात चाळीची सत्यनारायणाची पूजा असते ना? साहेब येतील. चाळीने एकदा सगळ्यांच्या समोर तोंडाने सांगावं की आम्ही तुमचे. मग बघू. सेक्रेटरींनी तो तोडगा झेललाच. पूजेनंतर चाळीत दरवर्षी गाऱ्हाणं होतं. एकजण देवापुढे उभा राहून सगळ्यांच्या वतीने मागणं मागतो आणि प्रत्येक मागण्याला जमलेले लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. आमच्याकडे हे गाऱ्हाणं सेक्रेटरीच घालतात. त्यात एक वाक्य वाढवायचं, एवढंच तर होतं.

मी आत्याला सांगितलं, तू खाली येऊ नकोस, गुडघ्याचं निमित्त आहेच. तिने ऐकलं नाही.

“पूजा देवाची आसा, सायबाची नाय. येतलंय मी.”

मला धास्ती वेगळीच होती. आत्याने जन्मात कधी कुणाला आपलं मत सांगितलेलं नाही. तिचा नवरा युनियनचा कडवा माणूस, मतदानाहून आल्यावर दरवेळी तिला विचारायचा. “तुमका कित्याक व्हया?” म्हणून ती भाकऱ्या थापायला बसायची. तो चिडायचा, दोन-दोन दिवस बोलायचा नाही, पण तिने सांगितलं नाही ते नाहीच. मी विचारलं तेव्हा मलाही तेच उत्तर. पगार त्याच्या हातात, खोली त्याच्या नावावर, गावची जमीन दिरांच्या नावावर. एवढी एकच गोष्ट तिची एकटीची होती. मी मनातून धरून चालले होते की तिने साहेबांना मत दिलेलं नाही. आणि देवासमोर खोटं बोलणारी ती बाई नव्हे.

पूजेच्या दिवशी खालच्या चौकात सतरंज्या घातल्या होत्या. केळीचे खांब, समया, शिऱ्याचा वास, आणि त्यातूनच अधूनमधून वरच्या मजल्यावरून येणारी ती दुसरी घाण. साहेब आले, चपला काढल्या, देवाला हात जोडले आणि पहिल्या रांगेत बसले. कार्यालयातला माणूस मोबाइल वर धरून चित्रण करत बाजूला उभा. आत्या जरीकाठी लुगडं नेसून खुर्चीवर बसली होती, मी तिला लागून उभी होते.

“बा देवा म्हाराजा,” सेक्रेटरींनी सुरुवात केली, “आज तुझी लेकरां हय जमली आसत...”

“व्हय म्हाराजा!”

“मुंबैक आसत, गावाक आसत, खय आसत थय त्यांका सुखी ठेव...”

“व्हय म्हाराजा!”

“कोणाचा काय चुकला-माकला आसात ता पोटात घाल...”

“व्हय म्हाराजा!”

सेक्रेटरींनी घसा खाकरला. “ह्या चाळीन गेल्या निवडणुकीत सायबाकच मत दिल्यान आसा, आणि फुडेय सायबाकच देतली...”

दोन-चार पुरुषांचे आवाज आले, बाकी सगळे समयांकडे बघत राहिले. कार्यालयातला माणूस हसत हसत मोबाइल हळूहळू एकेका चेहऱ्यावरून फिरवू लागला. साहेब मांडीवरचं फूल न्याहाळत होते.

“आवाज नाय इलो,” सेक्रेटरी म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता. त्यांनी वाक्य पुन्हा म्हटलं.

या वेळी चौक दणाणला. ज्यांनी समोरच्याला मत दिलं होतं ते सगळ्यात मोठ्याने ओरडले असावेत. होयचे बहुमत, माझ्या मनात आलं, आणि तेव्हाच मला माझ्या कमरेशी आत्याचा आवाज ऐकू आला. कोरडा, बारीक, पण स्पष्ट. “व्हय म्हाराजा.” तिची नजर देवाच्या तसबिरीवर होती. मोबाइल तिच्यासमोर क्षणभर थांबला आणि पुढे सरकला.

प्रसादाचा शिरा माझ्या तोंडात नुसता फिरत राहिला. शेवटी कोपऱ्यात जाऊन मी तो कागदात टाकला. देवाचा प्रसाद टाकायची माझ्यावर ही पहिलीच वेळ आली. साहेबांनी छोटंसं भाषण केलं, सोमवारपासून काम सुरू होईल म्हणाले, टाळ्या झाल्या.

आत्याला वर आणायला वेळ लागला. खोलीत आल्यावर ती कॉटवर टेकली. तिला बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, “जाऊ दे गं आत्या. खोटं बोलावं लागलं म्हणून मनाला लावून घेऊ नको. देवाला कळतं सगळं.”

तिने मान वर केली.

“खोटा कोण बोलला?” ती म्हणाली. “मी त्याकाच दिललंय मत. टाकी दिल्यान होती त्येना, पाणी येयत होता.”

त्या लाल रंगाखाली ती होती. त्याने टॅबवर आणि मी माझ्या टेबलावर, दोघांनीही तिला आठ-नऊ महिने समोरच्याच्या खात्यात धरलं होतं. ज्या माणसामुळे तिचं पाणी पिणं सुटलं, त्याच माणसाला तिने मत दिलं होतं.

“मग तू त्यांना आधी सांगायचंस ना!”

“कित्याक सांगू?” ती एकदम तडकली. “घोवाक सांगूक नाय मी. तुका सांगूक नाय. आज त्या मोबायलाफुडे सांगलंय. सगळ्या चाळीफुडे. मुताक जागा व्हयी म्हणान.” एवढं बोलून ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली, नेसत्या लुगड्यानिशी.

काम सोमवारी सुरू झालं. खोटं कशाला बोलू, चांगलं झालं. निळ्या लाद्या, घट्ट बसणारी दारं, एका संडासात आत्यासारख्यांसाठी बसायचं भांडंसुद्धा. बाहेर आधीपेक्षा मोठा फलक. आत्या पाणी पिऊ लागली, ताप गेला, चेहऱ्यावर थोडं तेज आलं. शेजारणी मला म्हणत, बघ, शेवटी झालं ना काम! मी मान हलवत असे.

मग यंदा, किती वर्षं रखडलेली महापालिकेची निवडणूक आली. आत्याने जन्मात एकही मतदान चुकवलेलं नाही. तापात गेलीय, नवऱ्याच्या सुतकात गेलीय, आणि नेहमी सकाळी लवकर, गर्दीच्या आधी. मी दादरला मत देऊन तशीच टॅक्सी घेऊन लालबागला गेले, तिला केंद्रावर न्यायला. ती गॅलरीत उन्हाला बसून लसूण सोलत होती. अंगावर घरचंच लुगडं.

“आत्या, उठ, कपडे बदल. टॅक्सी उभी आहे.”

तिने सोललेली पाकळी ताटलीत टाकली, दुसरी घेतली.

“तू जा घराक,” ती म्हणाली. “मत चाळ देतली. माझा वेगळा कित्याक व्हया?”